या सावकाश!

मराठी माणूस 'सावकाश' हा शब्द मुख्यतः दोन ठिकाणी वापरतो. एक पंगतीत आणि दुसरा डोंगरावर. पंगतीत यजमान हात जोडून 'सावकाश होऊ द्या' म्हणत फिरतात. डोंगरावर पुढे गेलेली मंडळी चांगला सावलीतला खडक बघून बसतात, चिक्कीची पुडी सोडतात आणि खालून धापा टाकत येणाऱ्या माणसाला 'या सावकाश!' असं ओरडून सांगतात. शब्द तोच आहे, पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. निदान पायथा आणि माथा एवढा तरी आहेच.

पंगतीतल्या सावकाशीला कायद्याचा आधार आहे. प्रत्येक पंगतीत एक मंदगती जेवणारा असतोच. बाकीच्यांचा ताकभात संपलेला असतो तेव्हा हे गृहस्थ मसालेभात पुन्हा मागवतात आणि त्यावर तूप आलं का बघत बसतात. पण ते उठेपर्यंत कुणी उठत नाही. लोकांचे हात वाळतात, पायाला मुंग्या येतात, समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाठ होतं. तरी पाटावरून हलायचं नाही. डोंगरावर असा कायदा नाही. तिथे 'या सावकाश' म्हणजे 'तुम्ही या तुमच्या हिशेबानं, आम्ही निघतो आमच्या' एवढाच अर्थ असतो. (हल्ली बुफे आल्यापासून पंगतीचा कायदाही मोडीत निघालाय म्हणा. बुफे म्हणजे ताट हातात घेऊन केलेलं गिर्यारोहणच. ज्याच्या पायात बळ तो गुलाबजामापर्यंत पोचतो.)

आता मी डोंगरावर बोलावं हे जरा चमत्कारिकच आहे, कारण आम्ही सोलापूरकर. आमच्याकडे ऊन आहे, चादरी आहेत, शेंगाची चटणी आहे, कडक भाकरी आहे, उंची नाही. किल्ला आहे, पण तोही भुईकोट. बाकीच्या महाराष्ट्रात माणसं किल्ल्यावर जातात, आम्ही किल्ल्यात जातो. चढ म्हणून आम्हाला ठाऊक असतो तो तुळजापूरचा घाट, आणि तोही बहुतेकांना एस.टी.च्या खिडकीतून. बँकेत आमचं रेकॉर्ड रूम दुसऱ्या मजल्यावर आहे. तिथे एखादं जुनं रजिस्टर आणायला पाठवलं की शिपाई जाण्याआधी चहा घेतो आणि आल्यावरही घेतो.

पण माझे मेहुणे पुण्यात असतात. पुण्यात राहणाऱ्या माणसाला दोन गोष्टी आपोआप चिकटतात, ठाम मत आणि सिंहगड. गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा मेहुण्यांनी दोन्ही एकदमच बाहेर काढलं. "दाजी, मुलांना डोंगर दाखवायलाच हवा. उद्या पहाटे सिंहगड. सगळ्यांनी. सहकुटुंब." सहकुटुंब म्हणजे मेहुणे, त्यांच्या सौ., मी, आमच्या सौ., चौदा वर्षांचे चिरंजीव, नऊ वर्षांची कन्या आणि माझी अडुसष्ट वर्षांची मावशी. एकूण सात. मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. उजवा गुडघा कुरकुरतो, पण बाकी खणखणीत. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला जे हजारो लोक रातोरात चालत जातात, त्यात ती पूर्वी अनेक वर्षं गेलेली. म्हणजे पंचेचाळीस किलोमीटर. आमच्यात चालण्याचा खरा अनुभव असलेली तीच एकटी, हे मी आधीच सांगून ठेवतो.

तसं सिंहगड सहकुटुंब चढण्याला परंपरा आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजीनं गड घेतला, तेव्हा बरोबर धाकटा भाऊ सूर्याजी होता, आणि पोवाड्यांतून चालत आलेली गोष्ट खरी मानायची तर ऐंशी वर्षांचे शेलारमामाही होते. ऐंशी वर्षांच्या मामांना कड्यावरून वर नेणाऱ्या मोहिमेत, 'मामा, तुम्ही पायवाटेनं या सावकाश' असं कुणी म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मेहुण्यांनी मात्र म्हटलं. पायथ्याशी उतरल्या उतरल्या ते म्हणाले, "मावशी, वरपर्यंत गाडीरस्ता आहे. तुम्ही जीपनं जा. आम्ही चालत येतो."

"म्हणजे जेवणाचे डबे, पाण्याचा कॅन आणि मी?"

"तसं नाही. तुम्हाला त्रास नको म्हणून."

"त्रास मला होणार का तुम्हाला?" मावशीनं विचारलं.

तिनं सहज विचारलं, पण मी दिवसभर त्या प्रश्नाभोवतीच फिरत होतो. आपण दुबळ्या माणसाची सोय करतो तेव्हा ती त्याची सोय असते, की तो आपल्या वाटेत येऊ नये म्हणून केलेली आपली सोय असते? दोन्हींना जीप एकच लागते, म्हणून बाहेरून फरक कळत नाही. कळायचा एकच मार्ग, त्या माणसाला विचारणं. आणि विचारायला वेळ लागतो, म्हणून आपण जीप ठरवून मोकळे होतो.

मावशी चालत निघाली.

मेहुण्यांच्या मनगटावर घड्याळ होतं, ते पावलं मोजत होतं, नाडी मोजत होतं आणि बहुधा आमचीही लायकी मोजत होतं. निघण्याआधी त्यांनी आम्हाला नेस्मिथचा नियम सांगितला. हे विल्यम नेस्मिथ स्कॉटलंडचे गिर्यारोहक. १८९२ साली त्यांनी हिशेब घालून दिला की, तीन मैलांना एक तास धरा, आणि दर दोन हजार फूट चढामागे आणखी एक तास मिळवा. हिशेब मला आवडला. त्रैराशिकाच्या वासानंच आमची झोप उडते. आतकरवाडीहून वाट पावणेतीन किलोमीटर धरा, चढ दोन हजार फूट धरा. म्हणजे दीड तास. "सहाला निघालो, साडेसातला वर!" मेहुण्यांनी जाहीर केलं. नियमात गुडघ्याचा रकाना नव्हता. नऊ वर्षांच्या मुलीनं दर वळणावर एक दगड उचलून त्याला नाव ठेवण्याचाही नव्हता.

पहिल्या दहा मिनिटांतच आमची मिरवणूक लांबली. सर्वांत पुढे चिरंजीव, मग मेहुणे, मग दोन्ही सौ. बोलत बोलत, मग मी आणि कन्या, आणि सर्वांत मागे मावशी. मी मध्ये, कारण बँकेतल्या माणसाला तीच जागा मानवते. वरचे साहेब दिसतात, खालचा गिऱ्हाईक दिसतो आणि जबाबदारी दोघांच्या मध्ये लोंबकळत राहते. मधल्या माणसाला एक गोष्ट मात्र चांगली दिसते. दोन्ही टोकांचा जमाखर्च.

तो मी मांडला. खिशात पैसे काढायची एक कोरी स्लिप होती, तिच्या पाठीवर. मेहुण्यांचं धोरण उदार होतं. ठरावीक अंतरावर थांबायचं, सगळे येईपर्यंत थांबायचं, सगळे आले की निघायचं. ऐकायला किती न्यायाचं वाटतं! पण खतावणी काय सांगते ती पाहा. पहिल्या थांब्यावर मेहुण्यांना चौदा मिनिटं विसावा, मला सहा, मावशीला एक. कारण ती पोचली, पदरानं कपाळ पुसलं, आणि मेहुणे उठून म्हणाले, "आल्या का मावशी? चला!" दुसऱ्या थांब्यावर तेरा, सात, एक. तिसऱ्यावर चौदा, सहा, एक. एकूण बेरीज मेहुणे एक्केचाळीस, मी एकोणीस, मावशी तीन.

म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज नाही त्याच्या खात्यावर एक्केचाळीस मिनिटं जमा, आणि जिला गरज आहे तिच्या खात्यावर तीन. बँकेत वीस वर्षं काढल्यावर या प्रकाराचं मला आश्चर्य वाटायला नको होतं. ज्याला कर्जाची गरज नाही हे तो कागदोपत्री सिद्ध करू शकतो त्यालाच कर्ज मिळतं, हे मी रोज बघतो. पण तिथे निदान आम्ही त्याला 'उपकार' म्हणत नाही. इथे मेहुणे प्रामाणिकपणे म्हणत होते, "मावशी, तुमच्यासाठी एकेचाळीस मिनिटं थांबलो." ते खोटं नव्हतं. ते थांबले होतेच. फक्त त्या थांबण्यातला एक कणही मावशीपर्यंत पोचला नव्हता.

मला वाटतं, इथे डोंगर आणि रांग यांच्यात एक मजेशीर उलटापालट आहे. नोव्हेंबर महिन्यात आमच्याकडे पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. एखादे आजोबा आपण हयात आहोत हे लिहून द्यायला इतका वेळ लावतात की शेवटी शेवटी आम्हालाच शंका यावी. चष्मा काढायचा, पुसायचा, दुसरा लावायचा. मग सही, आणि ती जुन्या सहीशी जुळेना म्हणून पुन्हा सही. मागची रांग खोकते, घड्याळं बघते. रांगेत मंद माणूस आपल्या पुढे असतो. तो आपला वेळ घेतो, आणि आपल्याला ते ढळढळीत दिसतं. डोंगरावर मंद माणूस आपल्या मागे असतो. तिथे आपण त्याचा वेळ घेत असतो, आणि आपली पाठ तिकडे असल्यामुळे आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

तिसऱ्या थांब्यावर मावशी म्हणाली, "तुम्ही जा. मी इथंच बसते. उतरताना मला घेऊन जावा."

लगेच सगळ्यांनी "छे छे!", "असं कसं!" वगैरे केलं. पण त्या 'छे छे'च्या आधी, सेकंदभर, सगळ्यांच्या तोंडावर सुटी लवकर झाल्यावर शाळेतल्या पोरांच्या तोंडावर येतं तसं काहीतरी येऊन गेलं. मावशीनं पस्तीस वर्षं पोरांची तोंडं वाचलेली होती. तिनं ते वाचलं, आणि दगडावर बसून चप्पल झटकू लागली.

मेहुणे म्हणाले, "मावशी, परतीचे दोर आम्ही कापून टाकलेत!" त्यावर कुणी हसलं नाही.

कुटुंबासह डोंगर चढण्याचा आपल्या वाङ्मयातला सर्वांत जुना वृत्तांत माझ्या समजुतीप्रमाणे महाभारतातला आहे. राज्य सोडून पाच पांडव आणि द्रौपदी हिमालयाकडे निघतात, मागून एक कुत्रा. पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पहिल्यांदा द्रौपदी पडते. मग सहदेव, मग नकुल, मग अर्जुन. प्रत्येक वेळी भीम विचारतो, ही का पडली, हा का पडला? आणि प्रत्येक वेळी धर्मराज कारण सांगतात. हिचा अर्जुनाकडे ओढा जास्त, याला बुद्धीचा गर्व, त्याला रूपाचा, याला पराक्रमाचा. अगदी कॉन्फिडेन्शियल रिपोर्ट वाचून दाखवावा तसं. शेवटी भीम पडतो, तेव्हाही तो पडल्या पडल्या स्वतःविषयी विचारतो, आणि धर्मराज सांगतात, तू खात फार होतास. आणि मागे न बघता पुढे चालू लागतात.

लहानपणी हे मी ऐकलं तेव्हा मला धर्मराजांचा भयंकर राग आला होता. आता रागापेक्षा ओळख पटल्यासारखं जास्त वाटतं. मागे राहिलेल्या माणसाला आपण हात देत नाही तेव्हा आपल्याला त्याच्या मागे राहण्याचं कारण मात्र अचूक सापडतं. त्यांनी व्यायाम केला नाही. त्यांनी बूट चांगले घातले नाहीत. त्यांना आधीच सांगितलं होतं जीपनं जा म्हणून. कारण सापडलं की पाय हलके होतात.

पण व्यासांची गोष्ट तिथे संपत नाही, म्हणून तर ती आपण अजून सांगतो. भावांसाठी न थांबलेला हा माणूस वर गेल्यावर कुत्र्यासाठी अडून बसतो. कुत्रा आत येणार नसेल तर मला स्वर्ग नको. आणि स्वर्गात गेल्यावर आपली माणसं तिथे दिसत नाहीत म्हणून विचारत विचारत थेट नरकात उतरतो, आणि ती तिथे आहेत असं कळल्यावर म्हणतो, मग मी इथेच राहतो. चढताना मागे वळून न पाहिलेला माणूस माथा गाठल्यावर खाली येतो. हे आधी का सुचलं नाही, असं मला विचारावंसं वाटतं. पण माथ्यावर पोचल्याशिवाय काही गोष्टी सुचत नसाव्यात.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर ऑडिटवाले हरकत घेतील. चौदा वर्षांच्या मुलानं अडुसष्ट वर्षांच्या गुडघ्याच्या चालीनं का चालावं? त्याचे पाय त्याला ओढत असतात. हळू चालणं हीसुद्धा शिक्षाच आहे. लग्नाच्या वरातीत ज्यानं बँडच्या मागे तास काढलाय त्याला हे सांगायला नको. बरं, सरासरी काढावी, तर सातजणांच्या सरासरी चालीनं चालणारा माणूस आमच्यात एकही नव्हता. सरासरी ही अशी चाल आहे की तिच्यात पुढचा कंटाळतो, मागचा दमतो आणि समाधान फक्त काढणाऱ्याला मिळतं.

एकट्यानं चालणाऱ्याचं बरं असतं. इंग्लंडात लेक डिस्ट्रिक्ट म्हणून डोंगर-तळ्यांचा मुलूख आहे. तिथल्या केंडाल गावात आल्फ्रेड वेनराइट हे नगरपालिकेचे खजिनदार होते. जमाखर्चातला माणूस म्हणून मला त्यांच्याबद्दल घरोबा वाटतो. कचेरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी बसनं जाऊन, त्यांनी तिथले २१४ डोंगर पालथे घातले आणि त्यांवर १९५५ ते १९६६ या काळात सात पुस्तकं काढली, सगळी स्वतःच्या हस्ताक्षरात, स्वतः काढलेल्या चित्रांसह. वहीही चोख, डोंगरही चोख. पण ते चालायचे एकटे, आणि सोबत आवडायची नाही. ज्याच्या मागे कुणी येत नाही त्याला मागे वळून बघायचं का हा प्रश्नच पडत नाही. मला ही सोय नाही. माझ्यामागे मावशी होती.

आपल्याकडे एकट्याची रीतच कमी. आमच्याच जिल्ह्यात पंढरपूर असल्यामुळे पालख्या आम्हाला दरवर्षी दिसतात. माउलींच्या पालखीचा रथ दिवे घाटात येतो तेव्हा त्याला जादा बैलजोड्या जोडतात. चढ आहे म्हणून रथाचं वजन कुणी कमी करत नाही, की रथ मागून येऊ दे म्हणून कुणी पुढे निघत नाही. ओढणारे वाढवतात. सिंहगडावर मला हे आठवलं, पण बैलजोडी कुठून आणणार? मेहुण्यांकडे बघितलं, आणि विचार सोडून दिला.

मग आमच्या सौ.नी तोड काढली. "मावशींना पुढे घाला. त्यांच्या चालीनं सगळे." डोंगर चढणारे जाणकार लोकही हेच करतात म्हणतात, मंद चालणाऱ्याला पुढे आणि पक्क्या माणसाला शेवटी. मावशी पुढे झाली. वीसेक पावलं चालली आणि उभी राहिली.

"नको बाई. पाठीला सहाजणांचे डोळे टोचायलेत. मागं होते तेव्हा निदान श्वास तरी माझा मला घेता येत होता."

याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. मंद माणसाला मागे ठेवणं हा अन्याय असेल, पण त्याला पुढे घालून सगळ्यांनी मागून सोसत चालणं हा उपकार आहे, आणि तो अन्यायाहून जड असतो. उपकाराचं ओझं घेऊन चढायचं म्हणजे गुडघा दोन माणसांचा भार उचलणार.

"मग तुला काय पाहिजे, मावशी?" मी विचारलं. मघाच्या जीपच्या वेळेपासून हे विचारायचं राहिलं होतं.

"काही नको. तुम्ही जावा की पुढं, तुमच्या पायानं. पोरगं पळतंय तर पळू दे. फक्त मी आल्यावर उठू नका. मी बसल्यावर दहा मिनिटं बसा. आणि ती मिनिटं मी बसल्यापासून मोजा."

एवढंच. पंगतीचा कायदा तिनं डोंगरावर लागू केला. उठायचं सगळ्यांनी एकदम, आणि मंद जेवणाऱ्याचं जेवण झाल्यावर. ती पुढे म्हणाली, "तुळजापूरला जाताना असंच असतंय. कोण पुढं, कोण मागं, कळतच नाही. गर्दीच तेवढी असती. पण बसतात ते सगळे टेकल्यावर उठतात."

चौथ्या थांब्यावर मेहुण्यांनी घड्याळाचं बटण मावशी टेकल्यावर दाबलं. मावशीनं चप्पल काढली, पाय लांब केले, शेंगांची पुडी सोडली, कन्येकडून दगडांची नावं विचारून घेतली. एक दगड मेहुण्यांच्या नावाचा निघाला. आठव्या मिनिटाला मेहुणे चुळबुळू लागले, नवव्याला उभे राहिले, आणि मावशीनं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं तसे पुन्हा बसले. पस्तीस वर्षांची नोकरी वाया जात नाही. चिरंजीवांनी मात्र स्वतःचाच मार्ग काढला होता. पुढच्या वळणापर्यंत पळत जायचं, वर काय आहे ते बघायचं, आणि पळत खाली येऊन मावशीला सांगायचं. "आजी, आता एक ताकवाली आहे!" "आजी, आता दरवाजा दिसतोय!" त्याच्या हिशेबानं तो गड दीड वेळा चढला. नेस्मिथच्या नियमात हाही रकाना नाही.

पुणे दरवाजात आम्ही शिरलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. सूर्योदय केव्हाच होऊन गेला होता, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही मात्र शाबूत होतं. देवटाक्याचं पाणी बघितलं, तानाजीची समाधी बघितली. मेहुण्यांनी गणित पुन्हा मांडून बघितलं आणि दीड तासाची कसर नेमकी कुठे गेली ते त्यांना सापडेना. मी स्लिप दाखवली नाही. एका वेळी एकच ताळेबंद बरा.

उतरताना मावशी स्वतःच म्हणाली, "आता जीप बघा." मी जरा चकित झालो. ती म्हणाली, "चढताना माणूस म्हणून चढले. उतरताना सामान म्हणून गेले तरी चालतंय. गुडघा उतारालाच जास्त दुखतोय." त्याच सुमारास मेहुण्यांच्या पोटरीत गोळा आला. जीपमध्ये एकाच्या जागी दोघं बसली.

आम्ही पाचजण चालत खाली आलो आणि वाट बघत बसलो. जीपचा पत्ता नव्हता. कन्येचा दगडांचा दुसरा हप्ता मोजून झाला तेव्हा ती आली. मेहुणे लाल होऊन उतरले. "एक सीट रिकामी होती, दाजी! एका सीटसाठी त्यानं अर्धा तास थांबवलं. शेवटचा माणूस आल्याशिवाय गाडी काढणार नाही म्हणाला!"

"बरोबर आहे की त्याचं," मावशी आतूनच म्हणाली, आणि उतरायला हात मागितला.